दोन नवे शिक्षक आणि चौदा नवी मुले

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका मेळघाटातील एका जिल्हा परिषद शाळेत प्रभारी मुख्याध्यापिका आहेत. शाळेत पहिली ते पाचवीचे वर्ग, 68 मुले आणि तीन शिक्षक आहेत. जवळजवळ सगळी मुले घरी कोरकू बोलतात. यंदा तिघांपैकी दोघांची बदली झाली. त्यांतले एक गुरुजी नऊ वर्षे पहिली-दुसरी शिकवत होते आणि कोरकू अस्खलित बोलत होते. त्यांची बदली रद्द व्हावी म्हणून गावाने अर्जही दिला होता. त्या दोघांच्या जागी शिक्षक भरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलमधून निवड झालेल्या, पश्चिम महाराष्ट्रातून येणाऱ्या, पहिल्याच नेमणुकीच्या एक शिक्षण सेविका आणि शेजारच्या तालुक्यातून बदलून येणारे, दीर्घ अनुभव असलेले एक शिक्षक रुजू होणार आहेत. मागच्या वर्षी प्रवेशोत्सवाला, म्हणजे नव्या मुलांच्या शाळेच्या पहिल्या दिवशीच्या स्वागत सोहळ्याला, पाहुणे दीड तास उशिरा आले. तोवर पहिलीची मुले पटांगणात बसून राहिली, रडली, ढोलाला घाबरली. छायाचित्रे छान आली, पण दुसऱ्या आठवड्यापासून पाच मुले शाळेत यायची थांबली. यंदा पहिलीत 14 मुले येणार आहेत. शिवाय वीटभट्टीवरून परतलेल्या एका कुटुंबातील नऊ वर्षांची मुलगीही येईल. ती कधीच सलग शाळेत बसलेली नाही. पत्रलेखिकेला वाटते की प्रवेशोत्सव बंदच करावा, पण त्यामुळे गाव आणि केंद्रप्रमुख (परिसरातल्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) नाराज होतील. कार्यालयीन कामामुळे लहान वर्ग आपल्याला झेपणार नाही, म्हणून पहिली-दुसरी नव्या शिक्षिकेकडे सोपवायचे त्यांनी ठरवले आहे. नव्या बाईंना भाषा येईपर्यंत मुले टिकतील का आणि त्या स्वतः तरी टिकतील का, ही त्यांची खरी चिंता आहे.

उत्तर:

बाई, तुमच्या पत्रात प्रवेशोत्सवाविषयी पुष्कळ लिहिले आहे आणि पहिलीचा वर्ग कोणाकडे द्यायचा याविषयी दोनच वाक्ये आहेत. ती दोन वाक्ये मला अधिक महत्त्वाची वाटली, त्यामुळे त्यांच्याकडे थोड्या वेळाने सविस्तर येईन. आधी सोहळ्याचा प्रश्न हातावेगळा करू, कारण तो तुम्हाला वाटतो तितका अवघड नाही.

सोहळा करायचा की बंद करायचा, असे दोनच पर्याय तुम्ही समोर ठेवले आहेत. मागच्या वर्षी मुले रडली ती सोहळा झाला म्हणून, असे मला तुमच्या वर्णनावरून दिसत नाही. अनोळखी जागी, आईपासून दूर, पाण्याविना दीड तास बसवून ठेवल्यामुळे ती रडली. मोठ्या माणसांनाही ते सहन झाले नसते. गावाला मात्र हा दिवस हवा आहे, आणि शाळेवर प्रेम असलेले गाव ही मेळघाटातल्या शाळेची मोठी ताकद असते, म्हणून तो काढून घेऊ नका. त्याची वेळ आणि त्याचा क्रम बदला. कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू होईल, अर्ध्या-पाऊण तासात संपेल आणि पाहुणे आले नसले तरी मुलांना ताटकळत ठेवले जाणार नाही, एवढे तीन मुद्दे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठरावाने मंजूर करून घ्या. कायद्याने या समितीत पंच्याहत्तर टक्के सदस्य पालक असतात. ठराव समितीचा असला की तो तुमच्या एकटीचा हट्ट राहत नाही. उशिरा येणाऱ्या पाहुण्यांचाही मान राखता येतो. त्यांना थेट वर्गात न्यावे, मुलांमध्ये बसवावे आणि दहा मिनिटे गोष्ट सांगण्याची किंवा चित्रांचे पुस्तक दाखवण्याची विनंती करावी. ढोल-बासरी जरूर असावी, पण ती पाड्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत, मुलांच्या ओळखीच्या माणसांच्या हातात असावी. वर्गाच्या दारात ती वाजवू नये. पाठ्यपुस्तके पाहुण्यांच्या हस्ते ओळीत उभे करून वाटण्याऐवजी वर्गशिक्षकाने वर्गात, प्रत्येक मुलाला नावाने हाक मारून द्यावीत. आईला, आजीला किंवा थोरल्या बहिणीला पहिल्या दिवशी वर्गात बसू द्यावे, आणि रडणाऱ्या मुलाचे छायाचित्र कोणीही काढू नये.

आता वर्गवाटपाकडे येते. नव्या शिक्षिकेकडे पहिली-दुसरी देण्यामागचे तुमचे कारण मला समजते. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, समितीचे इतिवृत्त हे सारे तीन शिक्षकांच्या शाळेत मुख्याध्यापकालाच करावे लागते, आणि लहान मुलांचा वर्ग एक मिनिटही सोडता येत नाही. तरीही या निर्णयाचा पुन्हा विचार करा, असे मी आग्रहाने सांगेन. नऊ वर्षे कोरकू बोलणारे गुरुजी ज्या वर्गात होते, तिथे कोरकूचा एकही शब्द न येणाऱ्या, पहिल्याच नोकरीवर आलेल्या बाई एकदम उभ्या राहणार आहेत. कोरकू ही मुंडा भाषाकुळातली भाषा आहे. मराठी-हिंदीशी तिचे कुळाचे नाते नाही आणि गोंडीशीही नाही. त्यामुळे शब्द ओळखीचे वाटून अंदाजाने अर्थ लावता येईल, अशी सोयही त्या बाईंना मिळणार नाही. समोरच्या सहा वर्षांच्या मुलांचीही मराठीबाबत तीच अवस्था असेल. दोन्ही बाजूंना एकमेकांचे बोलणे कळत नाही अशा वर्गात पहिले तीन आठवडे काय होईल, हे तुम्हाला सांगायला नको. मागच्या वर्षी पाच मुले सुटली, तेव्हा निदान भाषा जाणणारे गुरुजी वर्गात होते.

सर्वांत नव्या माणसाला सर्वांत कठीण वर्ग देण्याची रीत आपल्याकडे फार शाळांमध्ये आहे, आणि शहरातल्या नावाजलेल्या शाळाही तिला अपवाद नाहीत. पहिलीला काय, फक्त गाणी आणि खेळ, असे तिच्यामागे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात मूल शाळेत राहणार की नाही हे पहिलीतच ठरते. तिथे शाळेचा सर्वांत जाणता माणूस हवा, आणि यंदा तुमच्या शाळेत असा माणूस एकच आहे: तुम्ही. तुम्हाला कोरकू कामापुरती येते, असे तुम्ही पत्रात सहज लिहून गेला आहात. पहिलीच्या वर्गाला सुरुवातीला कामापुरतीच पुरते. म्हणून निदान दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पहिली-दुसरी तुम्ही घ्या, तिसरी-चौथी नव्या बाईंकडे द्या आणि पाचवी अनुभवी गुरुजींकडे ठेवा. तिसरी-चौथीची मुले दोन-तीन वर्षे शाळेत आहेत, त्यांना मराठी समजते, आणि बाईंना कोरकू शिकवण्यात ती आनंदाने पुढाकार घेतील. पाचवीचा एकच वर्ग असल्यामुळे गुरुजींना जो वेळ मिळेल, त्यात कार्यालयीन कामाचा ठरावीक भाग त्यांच्याकडे देता येईल. रोज परिपाठानंतरचा पाऊण तास नव्या बाईंनी तुमच्याबरोबर पहिलीत बसावे. तेवढा वेळ गुरुजींनी तिसरी ते पाचवी एकत्र घ्यावी. दिवाळीनंतर वर्ग बदलायचा असेल, तर तोवर मुले आणि बाई एकमेकांना ओळखत असतील.

पायाभूत वाचन-लेखन आणि गणितासाठीच्या ‘निपुण भारत’ अभियानातला ‘विद्या प्रवेश’ हा पहिलीच्या पहिल्या बारा आठवड्यांचा खेळाधारित कार्यक्रम तुमच्या माहितीचा असेलच. त्याचा आधार घेतला, तर जूनमध्येच बाराखडी सुरू करण्याचा दबाव तुमच्यावर राहणार नाही. अंगणवाडी सेविकेला पहिल्या दोन आठवड्यांत, तिच्या वेळेला धक्का न लावता, सकाळी थोडा वेळ शाळेत येता येईल का, हेही विचारा. या 14 मुलांची घरातली नावे, त्यांच्या सवयी, कोण कोणाचा हात धरून चालतो, हे सारे तिला ठाऊक आहे. हजेरीपटावर एक नाव आणि घरात दुसरे, असे पुष्कळदा असते. हजेरीच्या नावाला मूल ओ देत नाही आणि शिक्षकाला वाटते ते बुजले आहे. शाळापूर्व तयारी अभियानात ज्या माता गटात आल्या होत्या, त्यांनाही आठवण करा. पहिल्या आठवड्यात रोज दोन-दोन माता वर्गात बसल्या, तरी रडणे खूप कमी होईल.

नव्या बाई टिकतील का, हे तुम्ही विचारले आहे. अशी शंका मनात असली की आपण नकळत हात आखडता घेतो. ही सहा महिन्यांत बदली मागणार, मग हिला कशाला इतके सांगायचे, असे वाटू लागते. तुमच्या पत्रात तो सूर नाही, पण त्याची सुरुवात दिसते, म्हणून सांगते. त्यांना तिकडे कशाची अडचण येईल, याची यादी करून पाहा. राहायला खोली, पाणी, दार नीट बंद होणारे स्नानगृह, भ्रमणध्वनीला कुठे रेंज मिळते ती जागा, एस.टी.ची वेळ, जवळचे आरोग्य केंद्र, सापाच्या दिवसांत रात्री घ्यायची काळजी. शिक्षण सेवकाला तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम करावे लागते. जानेवारी 2023 पासून प्राथमिकसाठी ते दरमहा 16,000 रुपये झाले, त्याआधी 6,000 होते. पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतला ‘शालार्थ’ क्रमांक मिळून पहिले मानधन खात्यात जमा व्हायला वेळ लागू शकतो, आणि त्या काळात अनोळखी गावात उसने मागण्याची वेळ एका तरुण मुलीवर येऊ नये. किराणा दुकानदाराशी तुम्ही आधीच बोलून ठेवा. रुजू होण्याच्या कागदपत्रांची यादी त्यांना आताच फोनवर सांगा, म्हणजे एका दाखल्यासाठी शेकडो किलोमीटर परत जावे लागणार नाही. त्या येतील त्या दिवशी एस.टी. थांब्यावर कोणीतरी जा. शक्यतो तुम्ही आणि समितीतली एखादी आई अशा दोघी जा. पहिले दोन-तीन दिवस जेवण कोणाकडे, हेही ठरवून ठेवा. शाल-नारळ द्यायला हरकत नाही, पण त्या रात्री कुठे झोपणार याची व्यवस्था त्याआधी झालेली हवी.

भाषेबाबत त्यांना घाबरवू नका आणि खोटा दिलासाही देऊ नका. रुजू होण्याआधी वीस-पंचवीस शब्द आणि वाक्ये पुरेशी आहेत: ये, बस, पाणी हवे का, भूक लागली का, शूला जायचे आहे का, कुठे दुखते, आई कुठे गेली, घाबरू नकोस. ही वाक्ये पाचवीत जाणाऱ्या दोन-तीन मुलामुलींकडून म्हणवून घेऊन त्याचे ध्वनिमुद्रण फोनवर पाठवा. पहिल्या दिवशी परिपाठात त्यांनी चुकतमाकत कोरकूत आपले नाव आणि गाव सांगितले, तर गावाला त्यांच्याविषयी जे वाटेल ते कुठल्याही भाषणाने साधणार नाही. मुले हसतील. बाईंना आधी सांगून ठेवा की ते हसू चांगले असते, कारण शिक्षकाला काही येत नाही आणि आपल्याला येते, हा अनुभव या मुलांच्या वाट्याला शाळेत फार क्वचित येतो. मात्र मुलांच्या कोरकू बोलण्याला वर्गात मनाई होणार नाही, ही गोष्ट दोन्ही नव्या शिक्षकांशी पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला.

अनुभवी गुरुजींविषयी तुम्ही फारसे लिहिलेले नाही. बहुधा त्यांना स्वागताची गरज नाही, असे तुम्ही धरून चालला आहात. इतकी वर्षे नोकरी करून नव्या गावात येणारा माणूस अनेकदा दुखावलेला असतो. तिथली माणसे, स्वतः लावलेली झाडे, ओळखीची मुले सोडून तो आलेला असतो. त्यांना शाळा दाखवताना ‘आमच्याकडे असे करतात’ हे वाक्य शक्य तितके टाळा आणि ‘तुमच्या शाळेत हे कसे करत होता’ हे विचारा. त्यांचे एखादे कौशल्य असेल, मग ते विज्ञानाचे प्रयोग असोत, परसबाग असो वा कवायत, ते जूनमध्येच कामाला येऊ द्या.

गेलेल्या गुरुजींवर गावाचे प्रेम आहे आणि त्या प्रेमामुळे नव्यांना कोणी स्वीकारणार नाही, असे तुम्हाला वाटते. मला हे उलट दिसते. ज्या गावाने एका परक्या शिक्षकाला नऊ वर्षांत इतके आपले केले, त्या गावाला शिक्षकावर माया करता येते, याचा तो पुरावा आहे. गावाच्या मनात राग असेल, तर तो गुरुजी निरोपाविना गेले याचा असू शकतो. त्यांचा निरोप समारंभ झाला का, हे पत्रात नाही. झाला नसेल, तर जुलैमध्ये एखाद्या शनिवारी त्यांना बोलवा आणि गावाला त्यांचा सन्मान करू द्या. पहिल्या दिवशी मात्र नको, कारण त्या दिवशी सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडेच राहतील आणि नवे दोघे कोपऱ्यात उभे राहतील. त्याआधी त्यांच्याकडून एक काम जरूर करून घ्या: दुसरी-तिसरीत गेलेल्या प्रत्येक मुलाविषयी दोन-तीन ओळी. कोणाला फिट येते, कोण नाला ओलांडून येतो, कोणाला चित्रे काढायला आवडतात, कोणाची आई दिवाळीनंतर कामाला बाहेर जाते. हुशार, मंद, खोडकर असले शिक्के त्यात नकोत. ते एकदा कागदावर उतरले की नवे शिक्षक त्या मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकत नाहीत.

त्या नऊ वर्षांच्या मुलीसाठी तुमच्या आखणीत अजून काहीच नाही. प्रवेशोत्सव पहिलीच्या मुलांचा असतो. तिला त्यांच्या ओळीत बसवले तर ती लाजेने उद्या येणार नाही, आणि तिसरी-चौथीत नुसती बसवून ठेवली तर काही न कळल्याने महिन्याभरात थांबेल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 4 नुसार तिला तिच्या वयाला योग्य अशा वर्गात प्रवेश मिळायला हवा आणि बाकीच्या मुलांबरोबर येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळायला हवे. तेव्हा तिचे नाव चौथीत घाला, तिला तिच्या वयाच्या दोन मुलींच्या मध्ये बसवा, आणि वाचन-लेखनासाठी रोजचा एक तास नव्या बाईंनी तिला द्यावा. कोरकू शब्दांच्या बदल्यात मराठी अक्षरे, असा दोघींचा व्यवहार जमला तर दोघींनाही त्याचा फायदा होईल. वीटभट्टीवर तिने धाकटी भावंडे सांभाळली असतील, विटा मोजल्या असतील, पैशाचा हिशोब पाहिला असेल. तिचे गणित तुमच्या अपेक्षेपेक्षा पुढे असण्याची शक्यता आहे. आईकडे जन्मदाखला नसेल तर त्यासाठी त्यांना परत पाठवू नका. वयाचा पुरावा नाही म्हणून किंवा आधीच्या शाळेचा दाखला यायचा आहे म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे. अशा पालकांशी शाळेचे पहिले बोलणे कागदावरून झाले, तर बहुतेक वेळा तेच शेवटचे ठरते.

तुमच्या पत्रातली ‘दुसऱ्या आठवड्यापासून’ ही नोंद फार मोलाची आहे. पहिल्या आठवड्यात नवा दप्तर-गणवेश, गोड खाऊ आणि गर्दी असते. ती ओसरली की मूल घरी राहते. म्हणून मनुष्यबळाची आखणी पहिल्या दिवसापेक्षा आठव्या ते विसाव्या दिवसासाठी करा. सलग दोन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी तिसऱ्या दिवशी कोणीतरी गेलेच पाहिजे, आणि जाणाऱ्याने का आला नाहीस असे न विचारता तुझी जागा रिकामी होती असे सांगावे. त्या फेरीत नव्या शिक्षकांनाही न्या. पाडा पाहिल्याशिवाय त्यांना मूल कळणार नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी जे काम उभे केले, त्यात मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली होती आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली होती. महिन्यातून एकदा पाड्यावरच्या एखाद्या अंगणात तासभर वर्ग भरवणे तुम्हालाही जमू शकेल. आणखी एक साधी गोष्ट: पहिल्याच दिवशी प्रत्येक नव्या मुलाला स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी हाताला धरून दाखवा. कितीतरी मुले विचारता येत नाही म्हणून दिवसभर कळ सोसतात आणि दुसऱ्या दिवशी यायला नकार देतात. नव्या शिक्षकांनी पहिले काही दिवस मुलांच्या पंगतीत बसूनच खिचडी खावी, आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंची ओळख त्यांना सर्वांत आधी करून द्यावी.

हे सदर वाचणाऱ्या शहरी शिक्षक-पालकांसाठीही एक गोष्ट सांगायला हवी. खासगी शाळेत अठरा वर्ग असोत की महापालिकेच्या शाळेत दोन, नवा शिक्षक रुजू झाला की त्याला वेळापत्रक आणि खडू देऊन वर्गात सोडले जाते, आणि खासगी शाळेत शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांवरून आलेल्या मुलांची नावे पहिल्या दिवशी वेगळी पुकारली जातात. दोन्ही गोष्टी कोणी दुष्टपणाने करत नाही, पण दोन्ही वर्षभर सलत राहतात. नव्या शिक्षकाला निदान पहिला महिना एक ठरलेला सहकारी द्यावा, ज्याला कोणताही क्षुल्लक प्रश्न विचारता येईल. आणि यादी वाचायचीच असेल तर ती आडनावाच्या क्रमाने एकच असावी. पालकांनीही नव्या बाईंची तुलना जुन्या बाईंशी मुलांसमोर करू नये.

बाई, विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्यातल्या इतर शाळांपेक्षा थोड्या उशिरा उघडतात, त्यामुळे तुमच्या हाती अजून काही दिवस आहेत. सगळे एकदम होणार नाही. या आठवड्यात तीनच कामे करा. नव्या बाईंना आणि नव्या गुरुजींना फोन करा आणि त्यांचे प्रश्न ऐकून घ्या. बदलून गेलेल्या गुरुजींकडे मुलांविषयीच्या ओळी मागा. आणि समितीची बैठक लावून कार्यक्रमाच्या वेळेचा ठराव करा. त्याची प्रत केंद्रप्रमुखांना आणि सरपंचांना स्वतः जाऊन द्या, सोबत पाहुण्यांनी कोणत्या वर्गात कोणती गोष्ट सांगायची याची छोटी यादीही जोडा.